पेट्रोल महागलें असतां मोटार कशी हांकावी

पेट्रोलचा भाव वाढला म्हणजे अमरावती-अकोल्याच्या घराघरांतून पहिली चर्चा होते ती भावाची, आणि दुसरी सरकारच्या करांची. घरची गाडी कशी हांकली जाते, हा प्रश्न त्या चर्चेंत सहसा निघत नाहीं. वास्तविक पहिल्या दोन गोष्टींवर गाडीच्या मालकाची कांहीं सत्ता चालत नाहीं. तिसरीवर मात्र ती पूर्णपणें चालते.

भारताला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकीं शेंकडा ८५ हून अधिक तेल परदेशांतून येतें. २०२१ च्या मे महिन्यांत महाराष्ट्रांतील कित्येक शहरांत पेट्रोल लिटरमागें १०० रुपयांच्या पलीकडे गेलें. पुढच्याच वर्षीं रशियानें युक्रेनवर स्वारी केली आणि जगाच्या बाजारांत कच्चें तेल पिंपामागें १०० डॉलरांच्या वर चढलें. दुसऱ्या महायुद्धांत पेट्रोल शिध्यासारखें मोजून मिळूं लागलें, तेव्हां कित्येक मोटारींना कोळशाच्या वायूचीं यंत्रें जोडावीं लागलीं होतीं. आज तसें नियंत्रण नाहीं. नियंत्रण आहे तें खिशाचें. टाकींत पडलेलें लिटर किती अंतर नेईल, हें बऱ्याच अंशीं चालकाच्या उजव्या पायावर, आणि दुचाकी असेल तर उजव्या मनगटावर, अवलंबून असतें.

तें कसें, हें समजण्यासाठीं इंधन कोणकोणत्या वाटांनीं खर्च होतें तें पाहिलें पाहिजे. इंजिनांत पेट्रोल जळून जी शक्ति निर्माण होते, तिचा सुमारें चौथा ते तिसरा हिस्साच गाडी चालविण्याच्या कामीं येतो. उरलेली शक्ति उष्णतेच्या रूपानें धुराबरोबर व रेडिएटरवाटे निघून जाते. हा तोटा यंत्राच्या घडणींतच असल्यामुळें चालकाचा त्याला इलाज नाहीं. कामीं येणाऱ्या हिश्श्याचे मुख्य वाटेकरी तीन: समोरची हवा, रस्त्यावर फिरणारीं चाकें आणि ब्रेक. या तिघांना किती द्यावयाचें, हें मात्र चालक ठरवूं शकतो.

प्रथम हवेचा विचार करूं गेल्यास महामार्गाकडे वळावें लागतें. अमरावती आणि अकोला यांना जोडणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ५३ हा २०२२ सालीं जगाच्या कौतुकाचा विषय झाला होता. त्या वर्षीं ३ ते ७ जून या दिवसांत लोणी ते माना या पट्ट्यांत ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत सलग घालण्यांत आला, आणि गिनीज संस्थेनें त्या विक्रमाची नोंद केली. चांगला रस्ता चाकांचें काम हलकें करतो. परंतु तोच चालकाला वेगाचा मोह घालतो, आणि वेग वाढला कीं हवा आपली पट्टी वसूल करते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. ताशीं ७० किलोमीटरांऐवजीं १०० किलोमीटर वेगानें गेल्यास वेग दीडपटही होत नाहीं, पण हवेचा विरोध दुप्पट होतो.

आतां वेळेचा हिशेब पाहावा. दोन्ही शहरांमधील अंतर ढोबळ मानानें ९५ किलोमीटर धरल्यास ताशीं १०० च्या वेगानें ५७ मिनिटें लागतील, आणि ७० च्या वेगानें ८१. फरक २४ मिनिटांचा. आणि बडनेरा, मूर्तिजापूर यांच्या आसपासची रहदारी व मालमोटारींच्या रांगा लक्षांत घेतल्या, तर तोही प्रत्यक्षांत पुरता पदरांत पडत नाहीं. १९७८ सालीं स्थापन झालेला पेट्रोलियम संरक्षण संशोधन संघ ताशीं ४५ ते ५५ किलोमीटर वेग किफायतीचा मानतो. वाहत्या महामार्गावर इतक्या मंद गतीनें जाणें नेहमींच सोयीचें नसतें. तथापि ६५-७० च्या आसपास, वरच्या गिअरमध्यें, एकसारखा वेग राखणें कोणालाही जमण्यासारखें आहे.

शहरांत हवेचा प्रश्न उरत नाहीं. तेथें खरा उधळ्या म्हणजे ब्रेक. थांबलेल्या गाडीला वेग देण्यास पेट्रोल खर्च होतें. ब्रेक दाबला कीं तो विकत घेतलेला वेग उष्णता होऊन वाऱ्यावर जातो. अमरावतीच्या राजकमल चौकाकडे किंवा अकोल्याच्या टॉवर चौकाकडे जातांना पुढें तांबडा दिवा दिसत असूनही कित्येक चालक जोरानें पुढें धांवतात आणि दिव्यापाशीं कचकन ब्रेक लावतात. दुरूनच पाय उचलून गाडी आपल्या गतीनें जाऊं दिली, तर पुष्कळदां दिवा हिरवा होईपर्यंत ती तेथें पोहोंचते आणि थांबण्याची गरजच पडत नाहीं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या सांगण्याप्रमाणें आक्रमक हांकण्यामुळें रहदारीच्या रस्त्यावर शेंकडा १० ते ४० इतकें नुकसान होऊं शकतें. दुसऱ्या कोणत्याही एका सवयींत एवढी बचत सांपडणें कठीण.

गाडी उभी असतां इंजिन चालू ठेवणें हा दुसरा नित्याचा अपव्यय. लहान मोटारीचें इंजिनही नुसतें उभ्याउभ्या तासाला साधारणतः अर्ध्या लिटराच्या वर पेट्रोल पितें. शाळेच्या दारांत मुलांची वाट पाहतांना किंवा रेल्वेच्या फाटकापाशीं तें बंद करावें. पुन्हां सुरू करण्यास अधिक पेट्रोल लागतें, ही समजूत जुन्या यंत्रांच्या काळची आहे. आजच्या इंजिनाला दहा सेकंदांहून अधिक थांबावयाचें असेल तर बंद करणेंच स्वस्त पडतें.

चाकांच्या बाबतींत वऱ्हाडच्या उन्हाळ्यानें एक घातक गैरसमज रूढ केला आहे. मे महिन्यांत पारा ४५ अंशांवर चढला म्हणजे टायर फुटेल या भीतीनें कांहीं लोक हवा मुद्दाम कमी ठेवतात. परिणाम उलट होतो. कमी हवेचा टायर फिरतांना अधिक दबतो, अधिक वाकतो, अधिक तापतो, आणि तापूनच फुटतो. इंधनाचें नुकसान त्या मानानें लहान असतें: चारही चाकांत १० पौंड हवा कमी असली तर खर्च सुमारें शेंकडा २ नें वाढतो. परंतु महामार्गावर टायर फुटणें म्हणजे प्रसंगीं प्राणाशींच गांठ. हवा सकाळीं, चाकें थंड असतां, गाडीच्या पुस्तिकेंत सांगितली असेल तितकी भरावी. धांवून आलेल्या गरम चाकांत कांटा थोडा वर दिसतो. तेवढ्यावरून हवा सोडूं नये. शेगांवच्या यात्रेसाठीं टपावर चढविलेली सामानाची पेटी घरीं परत आल्यावर उतरवून ठेवावी, कारण महामार्गावर अशी पेटी शेंकडा ६ ते १७ इतका जादा खर्च करविते.

या उन्हाळ्यांत वातानुकूलन बंद ठेवावें असें कोणी सांगितलें तर तें पाळलें जाणार नाहीं, आणि लहान मुलें व वृद्ध बरोबर असतां पाळूंही नये. मात्र त्याचा उपयोग जाणून करावा. फार कडक उन्हांत लहान फेऱ्यांमध्यें हें यंत्र इंधनाचा हिशेब शेंकडा २५ हून अधिक बिघडवूं शकतें. कारण भट्टीसारखी तापलेली गाडी निववितांनाच फेरी संपते. म्हणून गाडी निंबाच्या सांवलींत उभी करावी. निघतांना कांचा उघडून आंतली कोंडलेली हवा बाहेर जाऊं द्यावी, आणि मग यंत्र लावून आंतलीच हवा फिरती ठेवावी. महामार्गावर मात्र उघड्या कांचा हवेचा विरोध वाढवितात. तेथें त्या लावलेल्याच बऱ्या.

बचतीच्या नांवाखालीं चालणाऱ्या एका धोकेबाज युक्तीचा येथें निषेध केला पाहिजे. चिखलदरा समुद्रसपाटीपासून ११०० मीटरांच्या आसपास आहे. तेथून परतवाड्याकडे घाट उतरतांना गाडी न्यूट्रलमध्यें टाकून सोडली म्हणजे पेट्रोल वांचतें, असें अनेक जण मानतात. कार्बुरेटरच्या जुन्या गाड्यांत या समजुतीला थोडा आधार होता. परंतु आजच्या गाड्यांत इंधन मोजून फवारलें जातें. गाडी गिअरमध्यें असून पाय उचललेला असला, तर उताराचा जोरच इंजिन फिरवीत राहतो आणि पेट्रोलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. न्यूट्रलमध्यें मात्र इंजिन जिवंत ठेवण्यासाठीं पेट्रोल जळतच राहतें. म्हणजे त्या युक्तीनें कांहीं वांचत नाहीं. उलट इंजिनाची आवर सुटून सारा भार ब्रेकांवर पडतो, ते तापतात, आणि ऐन वळणावर निकामी होण्याचें भय उत्पन्न होतें. घाट खालच्या गिअरमध्येंच उतरावा.

सकाळच्या गारव्यांत पेट्रोल भरलें तर अधिक मिळतें, ही समजूत निरुपद्रवी असली तरी निरुपयोगी आहे. पंपाच्या टाक्या जमिनींत खोल असतात आणि त्यांतल्या पेट्रोलचें तपमान दिवसभरांत फारसें बदलत नाहीं.

यांपैकीं किती साधलें, हें पडताळण्यास एक लहानशी वही पुरेशी आहे. टाकी पंपाची नळी आपोआप बंद होईपर्यंत भरावी व मीटरवरचा आंकडा टिपावा. पुढच्या वेळीं पुन्हां तशीच भरून चाललेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनीं भागावें. सध्यांच्या पेट्रोलांत इथेनॉल मिसळलेलें असतें, आणि त्यांत पेट्रोलपेक्षां सुमारें एक तृतीयांश शक्ति कमी असते. म्हणून जुन्या आंकड्यांशीं तुलना न करतां याच महिन्यांतल्या दोन पंधरवड्यांची करावी: एक नेहमींच्या हांकण्याचा, दुसरा सावध हांकण्याचा. वहींत गाडीच्या फेऱ्याही टिपाव्या. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत केलेल्या फेरींत इंजिन गरम होण्यापूर्वींच घर येतें, आणि थंड इंजिन सर्वांत अधिक पितें. तशा फेऱ्या मोजून पाहिल्या, तर त्यांपैकीं कित्येक पायीं किंवा सायकलवर सहज होण्यासारख्या होत्या असें घरांतल्या सर्वांनाच आढळून येईल.