न गळणारी ओंबी

रानातला गहू स्वतःची पेरणी स्वतः करतो. ओंबी पिकली की शेंड्याकडून सांधे सुटू लागतात आणि दाण्यांची एकेक जोडी तुसासकट खाली पडते. तिला दोन लांब कुसळं असतात. दिवसाच्या कोरड्या हवेत ती फाकतात, रात्रीच्या दमटपणात जवळ येतात. त्यांच्यावरचे सिलिकाचे बारीक केस मागे सरकूच देत नाहीत. बेडूक पाय मारतो तशी ही कुसळं बी मातीत ढकलत नेतात. ना पाभर, ना बैल!

एमर नावाचा हा गहू इस्रायलपासून आग्नेय तुर्कस्तानपर्यंतच्या उतारांवर आजही उगवतो. गॅलिली सरोवराकाठचे लोक २३,००० वर्षांपूर्वी त्याचे दाणे गोळा करून खात होते. लागवड मात्र सुरू झाली साधारण साडेअकरा हजार वर्षांपूर्वी, आणि तिथून गंमत सुरू होते.

क्वचित एखाद्या रोपात दोन जनुकं बिघडतात नि सांधे सुटतच नाहीत. रानात असं रोप निर्वंशच व्हायचं. पण माणूस विळा घेऊन आला आणि हिशेब उलटला. गळलेले दाणे मातीत गेले. चिकटून राहिलेले पेंढीत, पेंढीतून कणगीत आणि कणगीतून पुढच्या पेरणीत!

याचा पुरावा जळक्या तुसाच्या बुडख्यात सापडतो. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर आपोआप सुटलेल्या सांध्याचा व्रण गुळगुळीत दिसतो आणि मळणीत तुटलेल्याचा खडबडीत. गॉर्डन हिलमन आणि स्टुअर्ट डेव्हिस यांनी १९९० मध्ये प्रयोगांवरून गणित मांडलं होतं, की विळ्याने कापणी झाली तर दोनशे वर्षांच्या आतही हा बदल होऊ शकतो. उत्खननाच्या थरांत मात्र खडबडीत व्रण हळूहळू वाढत जायला दोन-तीन हजार वर्षं लागलेली दिसतात. शंभराहून अधिक पिढ्या राबल्या आणि एकीलाही आपण काय घडवतोय याचा पत्ता नव्हता.

तो माणसाळलेला एमर आपल्याकडेही आहे. कृष्णाकाठचा खपली गहू तो हाच. त्याची ओंबी गळत नाही, पण मळणीनंतरही दाणा तुसातच बसतो. कांडल्याशिवाय सुटत नाही. तूस सहज सोडणारे गहू नंतरचे. आपल्या रोजच्या पोळीचा गहू तर एमरच्या कुळातला गहू आणि कॅस्पियन समुद्राकडचं एक रानगवत यांच्या संकरातून झालेला. म्हणजे खिरीसाठी खपली भिजत घालणाऱ्या घरात गव्हाची आधीची पिढी शिजत असते.