साडी आजीची, रंग कुणाचा?

दहावीच्या निरोप समारंभाला माझ्या लेकीनं आजीची करवत काठी नेसायचं ठरवलं आणि आमच्या घरात सणच आला. कोशाचा तो अंगचा मधाळ रंग, काठाला करवतीसारखे बारीक दाते. सासूबाईंनी पस्तीस वर्षं जपलेली साडी. सकाळच्या उन्हात अंगणात उभी करून मी मोबाइलवर तिचा फोटो काढला. सुंदर आला. म्हटलं, घरी प्रिंटर आहेच, फोटोचा कागदही आहे, काढू या मोठा आणि लावू फ्रेममध्ये.

प्रिंट बाहेर आली आणि माझा चेहरा उतरला. साडी हिरवट, मळकी दिसत होती. लेकीचा चेहरा तांबूस-काळपट. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाल्या, “हे काई माही साडी नाही, बाप्पा!” लेक मात्र गप्प. रात्री झोपताना हळूच म्हणाली, “आई, मी खरंच अशी दिसते?”

दुसऱ्या दिवशी तोच फोटो मी एका दुकानात दिला. तिथला मुलगा मोठ्या उत्साहानं म्हणाला, “ताई, मुलीचा फोटो आहे, थोडा उजळ करून दिला.” घरी आणून पाहिला, तर माझी गव्हाळ-सावळी पोर दुधासारखी पांढरी! लेकीनं विचारलं, “ही कोण?”

टेबलावर दोन फोटो होते आणि दोन्हीत माझी मुलगी नव्हती. मैत्रिणींनो, त्या दिवशी मी ठरवलं, हे रंगांचं गौडबंगाल आहे तरी काय, ते समजून घ्यायचंच.

वजनकाट्याची गोष्ट

माझा भाचा इथेच नागपूरला एका छापखान्यात काम करतो. त्यानं पहिला प्रश्न विचारला, “मावशी, प्रोफाइल कुठलं वापरलंस?” मी म्हटलं, “म्हणजे काय रे?”

तो म्हणाला, “समज, घरचा वजनकाटा दर किलोमागे पन्नास ग्रॅम कमी दाखवतो. ते माहीत असलं की काटा फेकावा लागत नाही, आपण मनात हिशेब करतो. प्रिंटरचं तसंच. तो तांबडा किती जास्त टाकतो, निळा किती कमी, हे मोजून एका फाइलीत लिहून ठेवायचं. ती फाइल म्हणजे कलर प्रोफाइल. मग प्रिंट काढताना कॉम्प्युटर तेवढी दुरुस्ती आधीच करून देतो.”

कॅमेरा, पडदा, प्रिंटर, प्रत्येकाची रंगाची भाषा वेगळी. ती एकमेकांना कळावी म्हणून 1993 मध्ये आठ कंपन्यांनी मिळून ‘इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम’ ही संस्था स्थापन केली आणि या फाइलींचा एकच नमुना ठरवला. म्हणून या फाइलींना ‘आयसीसी प्रोफाइल’ म्हणतात.

पण तयार प्रोफाइल सगळ्यांना चालत नाही. एकच रंग सुती कापडावर वेगळा चढतो आणि रेशमावर वेगळा, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तसंच चकचकीत कागदावर शाई वेगळी दिसते, मॅटवर वेगळी. प्रिंटर, शाई आणि कागद, या तिघांच्या प्रत्येक जोडणीचं प्रोफाइल वेगळं. मी प्रिंटर एका कंपनीचा, शाई दुसऱ्या आणि कागद स्वस्त मिळाला म्हणून तिसऱ्याच कंपनीचा वापरत होते! मग रंग जुळणार कसे?

आधी पडदा, मग प्रिंटर

भाच्यानं आधी कॉम्प्युटरच्या पडद्याचा प्रकाश कमी करायला लावला. पडदा स्वतः उजेड टाकतो, कागद फक्त पडलेला उजेड परत देतो. पडदा भगभगीत ठेवला, तर त्यावर फोटो छान दिसतो आणि कागदावर तोच काळवंडतो. माझ्या निम्म्या तक्रारीचं मूळ तिथेच होतं.

मग शाईची तपासणी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात प्रिंटर महिनाभर बंद राहिला, की शाई सुकून बारीक छिद्रं बुजतात. एक जरी रंग अर्धवट आला, तरी पुढची सगळी मेहनत वाया. म्हणून ‘नोझल चेक’ची प्रिंट काढून सर्व रेघा अखंड असल्याची खात्री केली.

त्यानंतर रंगांचा तक्ता छापला. बारीक रंगीत चौकटी, नऊशेच्या वर! कोणत्या चौकटीत कोणता रंग यायला हवा, हे कॉम्प्युटरला ठाऊक असतं. इथे एक पथ्य फार महत्त्वाचं. तक्ता छापताना प्रिंटरची आणि कॉम्प्युटरची सगळी रंगदुरुस्ती बंद ठेवायची. आजारी माणसाला डॉक्टरकडे नेताना पावडर-लिपस्टिक लावून नेलं, तर रोग कसा कळणार?

तक्ता एक दिवस वाळू दिला, कारण ओल्या शाईचा रंग वाळल्यावर थोडा बदलतो. मग भाच्यानं रंग मोजायचं यंत्र आणलं. त्याला स्पेक्ट्रोफोटोमीटर म्हणतात. ते एकेका ओळीवरून फिरवलं, की प्रत्यक्ष उतरलेला रंग आकड्यांत कळतो. हवा होता तो रंग आणि आला तो रंग, यांतला फरक जुळवून सॉफ्टवेअरनं प्रोफाइल बनवलं. हे यंत्र महाग असतं, घरच्यासाठी विकत घेण्यात अर्थ नाही. छापखान्यात किंवा चांगल्या फोटोग्राफरकडे चौकशी करावी. तेही जमलं नाही, तर अनेक कंपन्या आपल्या कागदाचं प्रोफाइल फुकट देतात. ते आपल्याच प्रिंटरच्या मॉडेलसाठी आहे ना, एवढं पाहून घ्यावं. मोजून केलेल्याची सर त्याला नाही, पण अंदाजापेक्षा कितीतरी बरं.

शर्लीचा चेहरा

यंत्र फिरवता फिरवता भाच्यानं मला शर्लीची गोष्ट सांगितली. रिळाच्या कॅमेऱ्यांच्या काळात, 1950 च्या दशकापासून, कोडॅक कंपनी फोटो धुणाऱ्या लॅबना एक नमुन्याचा फोटो पाठवायची. त्यात एक गोरी तरुणी असे. पहिल्या मॉडेलच्या नावावरून त्या फोटोला ‘शर्ली कार्ड’ नाव पडलं. तिची कांती बरोबर आली, की रंग बरोबर आले असं समजायचे. सावळे, काळे चेहरे बिघडले तरी विचारतो कोण? गंमत म्हणजे गडद तपकिरी रंग नीट येत नाही, अशी तक्रार चॉकलेटवाल्यांनी आणि लाकडी फर्निचरवाल्यांनी केली, तेव्हा फिल्म सुधारायला चालना मिळाली. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलं कार्ड यायला 1990 च्या दशकाचा मध्य उजाडला.

मला हसू आलं आणि वाईटही वाटलं. दुकानातला तो मुलगा मनानं वाईट नव्हता. ‘मुलीचा फोटो म्हणजे उजळ’ हे प्रोफाइल त्याच्या डोक्यात आपणच बसवलेलं आहे. स्थळासाठी फोटो काढताना “जरा गोरी दिसू दे हं”, असं सांगणाऱ्या आपणच ना?

आणि मग तो फोटो आला

नवं प्रोफाइल कॉम्प्युटरवर चढवलं. फोटोच्या सॉफ्टवेअरमध्ये ते निवडलं आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये रंगदुरुस्ती बंद केली. हे विसरलं, तर दुरुस्ती दोनदा होते. सुनेनं मीठ घातलं, सासूनंही घातलं, की भाजीचं जे होतं, तेच फोटोचं होतं!

आधी परीक्षा म्हणून संत्र्याचा फोटो छापला. नागपूरच्या बाईला संत्र्याचा रंग ओळखायला का शिकवावं लागतं? खरं संत्रं शेजारी ठेवून पाहिलं. अगदी तंतोतंत नाही आला. इतका भडक नारिंगी काही शायांच्या आवाक्यातच नसतो आणि प्रोफाइल ही जादूची कांडी नव्हे. पण पूर्वीसारखा विटकरीही नव्हता.

मग लेकीचा फोटो. प्रिंट वाळल्यावर आम्ही ती अंगणात नेली. साडी घेताना आपण दुकानाच्या दारात, उन्हात नेऊन रंग बघतो ना, तसंच. सासूबाईंनी कपाटातून करवत काठी आणून शेजारी धरली. काही बोलल्या नाहीत, नुसता फोटोतल्या काठावरून बोट फिरवत राहिल्या. लेकीनं फोटोतल्या हाताजवळ आपला हात ठेवला. तोच गव्हाळ-सावळा रंग, तीच उन्हाची झाक.

“ही मी,” ती म्हणाली.

फ्रेम आता बैठकीत लागली आहे. दुकानातून आणलेली ती पांढरी प्रिंट कुठे गेली, मी विचारलं नाही.

हे लक्षात ठेवा

• कागद किंवा शाईची कंपनी बदलली, की प्रोफाइलही नवं हवं.
• तक्ता छापताना कागदाचा जो प्रकार आणि दर्जा निवडला, तोच पुढे फोटो छापताना निवडा.
• मोबाइलवरून थेट प्रिंट दिली, तर प्रोफाइल निवडायची सोय बहुधा मिळत नाही. कॉम्प्युटरवरूनच छापा.
• पावसाळी हवेत प्रिंट वाळायला जास्त वेळ द्या. ओला फोटो काचेत घालू नका.
• रंगाची पारख दिवसाच्या उजेडात करा, ट्यूबलाइटखाली नको.
• फ्रेम थेट ऊन पडेल अशा भिंतीवर लावू नका, रंग लवकर उडतो.