कोकणी परसातलं तळं

थंड देशांतल्या बागकामाच्या पुस्तकांत चिवट पाणवनस्पती म्हणजे गोठलेल्या तळ्यात तग धरणारी. रत्नागिरीत कस लागतो तो वेगळाच. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो आणि त्याच कातळावरची डबकी मे महिन्यात कोरडी ठणठणीत पडतात. या दोन्हींना पुरून उरलेल्या वनस्पती आपल्या मुलखात आहेत. परसातलं तळं त्यांच्यासाठी करावं.

खणायचं काम वैशाखातच उरकावं. पाच-सहा तास ऊन येईल अशी जागा हवी. आंब्या-फणसाखाली नको. पाला पडून पाण्यात कुजतो, शिवाय मोहोरावरच्या फवारणीचे तुषार पाण्यात उतरले तर मासे मरतात. जांभा पाणी धरत नाही, म्हणून शेततळ्याचा 500 मायक्रॉनचा प्लास्टिक कागद अंथरावा. सिमेंटचं टाकं असेल तर ते दोन-तीनदा भरून, दर खेपेला आठवडाभर ठेवून रिकामं करावं, कारण नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो. मध्ये दोन फूट खोली आणि एका कडेला वीतभर पाण्याची पायरी एवढं पुरे. घरात लहान मूल असेल तर कुंपण आधी, पाणी नंतर.

माती भातखाचरातली, चिकट. ताजं शेण अजिबात नको. त्यावर शेवाळ माजतं आणि पाणी हिरवंगार होतं. पसरट घमेल्यात माती भरून कमोदाचा (वॉटर लिलीचा) कंद लावावा, वर बोटभर वाळू पसरावी. घमेलं एकदम तळाशी मात्र सोडू नये. कमोदाचा दांडा आडवा कापून पाहा: आत बारीक नळ्यांची जाळी दिसते. चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. पानांनी घेतलेली हवा या नळ्यांतून खाली मुळांपर्यंत जाते. सगळी पानं बुडाली की कोवळ्या रोपाचा श्वासच कोंडतो. म्हणून घमेलं आधी चिऱ्यांवर ठेवावं आणि पानं पाण्यावर आली की एकेक चिरा काढत खाली न्यावं.

माझी सगळ्यात आवडती कुमुदिनी. कासच्या पठारावरचं कुमुदिनी तळं हिच्याच नावाचं. पानं छोट्या कमळासारखी, फुलं पांढरी, पिवळ्या गळ्याची, पाकळ्यांवर कापसाच्या तंतूंसारखी झालर. सकाळी जवळ बसून पाहावीत, दुपारनंतर ती मिटतात. पानाजवळच्या ज्या पेरातून फुलांचा झुबका निघतो, तिथेच मुळंही फुटतात. तेवढा तुकडा ओल्या चिखलात टेकवला की नवं रोप तयार. पायरीवर वेखंड आणि ब्राह्मी लावावी, काठाच्या ओलीत अळू. रोपं कोणाच्या तरी भरलेल्या तळ्यातून मागून आणावीत. सड्यावरच्या, म्हणजे कातळपठारावरच्या, डबक्यांना हात लावू नये. तिथल्या काही वनस्पती सह्याद्रीबाहेर कुठेच नाहीत.

आषाढात तळं भरून वाहणारच, तेव्हा सांडव्याची वाट आधीच काढून तिला जाळी लावावी. तुमच्या तळ्यात जे आहे ते पऱ्यात जाईल, पऱ्यातून नदीत. म्हणून दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीचं, जांभळी फुलं कितीही देखणी असली तरी, एकसुद्धा रोप आणू नये. डासांसाठी स्थानिक छोटे मासे सोडावेत. माथ्यावर चांदीचा ठिपका असलेला, वरच्या थरात फिरणारा मासा अळ्या टिपतो. सुरुवातीला पाणी हिरवट होतंच. ते उपसू नये. पानांनी अर्धाअधिक पृष्ठभाग झाकला की सावलीने शेवाळ हटतं.

एप्रिल-मेमध्ये पाणी उतरतं, कमोदाची पानं पिवळी पडून गळतात. मेलं समजून पुष्कळजण घमेलं उकिरड्यावर रिकामं करतात, याचं फार वाईट वाटतं. कंद चिखलात जिवंत असतो. घमेलं सावलीत सरकवून माती जरा ओलसर ठेवावी, मासे टाक्यात हलवावेत. मृगाच्या सरींनी तळं पुन्हा भरलं की काही दिवसांनी सकाळी वाकून पाहा. पाण्याखाली तांबूस रंगाचं, सुरळी केलेलं पहिलं पान वर येताना दिसेल.