सेलरीला दुष्काळ सोसत नाही

परसबागेत सेलरी लावणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. देठ बारीक, चिवट आणि कडू निघतात. दोष बियाण्याला दिला जातो, पण बहुतेक वेळा कमी पडलेलं असतं ते पाणी. सेलरी मूळची युरोपातल्या आणि भूमध्य समुद्राकाठच्या पाणथळ, खारट जमिनीतली. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तिचे देठ जाड आणि रसाळ केले, कडवटपणा उतरवला. दलदलीची सवय मात्र तिने सोडली नाही. तिची मुळं उथळ असतात. माती वरून सुकली की झाड लगेच अडचणीत येतं.

याची सर्वांत वाईट खूण बाहेरून दिसतच नाही. रोप हिरवंगार वाटतं, पण बाहेरचे देठ बाजूला सारून पाहिलं तर गाभ्यातली कोवळी पानं काळी पडलेली असतात. हा रोगजंतूंचा हल्ला नव्हे, कॅल्शियमची उपासमार आहे. कॅल्शियम झाडात पाण्याबरोबर वर चढतं आणि जिथून बाष्प जास्त उडतं तिकडे जास्त जातं. बाहेरची मोठी पानं ते ओढून घेतात. आत मिटलेल्या पानांतून बाष्प फारसं उडत नाही, त्यामुळे त्यांच्या वाट्याला थोडंच येतं. पाण्यात खंड पडला की तेही बंद. म्हणून मातीत कॅल्शियम भरपूर असूनही गाभा काळा पडतो, आणि अंड्यांची टरफलं टाकून तो वाचत नाही. पालापाचोळ्याचं आच्छादन आणि रोज न चुकता पाणी, हाच उपाय.

बी फार बारीक, एका ग्रॅममध्ये दोन हजारांच्या आसपास. उगवायला त्याला उजेड लागतो, म्हणून मातीत गाडू नये. ओल्या मातीवर भुरभुरून हलकं दाबावं. कोंब यायला २ ते ३ आठवडे लागतात. पारा तिशीकडे गेला की बी उगवायचं थांबतं. त्यामुळे पुणे-नाशिककडे ऑक्टोबरच्या उन्हाची वाट न पाहता ऑगस्टअखेर, पावसाळी गारव्यात बी टाकावं. रोपं दिवाळीच्या सुमारास कुंडीत लावली की पुढचे तीन-चार महिने थंडीचे मिळतात.

आपण खातो तो सेलरीचा दांडा म्हणजे खोड नव्हे, पानाचा देठ. त्याच्या पाठीवरच्या कंगोऱ्यात नख खुपसून ओढलं की लांब दोरा निघतो. जलवाहिनी ती हीच, असं अनेकांना वाटतं. मुलांना हाताशी घेऊन एक प्रयोग करावा: कापलेला देठ लाल खाद्यरंगाच्या पाण्यात काही तास उभा ठेवायचा आणि मग आडवा चिरायचा. लाल ठिपके दिसतात त्या जलवाहिन्या. दोरा त्यांच्या बाहेरच्या बाजूला, सालीलगत असतो. हे स्थूलकोन ऊतक. वाढत्या देठाला ते आधार देतं आणि त्याच्याबरोबर स्वतःही लांबतं. कॅथरीन एसाव या वनस्पतिशास्त्रज्ञ बाईंनी १९३६ साली सेलरीच्या देठांवरच या ऊतकाचा बारकाईने अभ्यास मांडला होता.

काढणीच्या दोन आठवडे आधी देठांभोवती कागद गुंडाळला तर हरितद्रव्य कमी होऊन ते फिके, सौम्य होतात. सूपसाठी हवी असेल तर हा खटाटोप करू नये. हिरव्या देठाचा वास अधिक दमदार असतो. अख्खं झाड न उपटता बाहेरचे देठ लागतील तसे खुडावेत. खुडल्यावर हात धुवावेत, कारण सेलरीच्या रसात सोरालेन असतं आणि तो रस लागलेल्या त्वचेवर ऊन पडलं तर फोड येऊ शकतात. बुरशी लागलेल्या देठात त्याचं प्रमाण बरंच वाढतं. असे देठ हातमोजे घालूनच काढावेत.