पाचचा गजर आणि तर्री-पोहे

नागपुरात बर्डीवर रस्त्याकडेला जुनी पुस्तकं विकायला मांडलेली असतात. तिथली सवयी सुधारण्याच्या पुस्तकांची चळत एकदा उघडून बघा. पहिल्या प्रकरणात पिवळ्या हायलायटरने जवळजवळ प्रत्येक ओळ रंगवलेली. दुसऱ्यात एखाद-दुसरी. चौथ्यापासून पानं कोरी करकरीत. आधीच्या मालकाची शिस्त नेमकी कुठे संपली, ते पान क्रमांकासकट कळतं.

जॉर्डन एलनबर्ग या अमेरिकी गणितज्ञाने २०१४ साली याच गोष्टीचं गमतीगमतीत माप काढलं. किंडलवर वाचकांनी सर्वाधिक अधोरेखित केलेली पाच वाक्यं पुस्तकात सरासरी कितव्या पानावर येतात, ते मोजायचं. थॉमा पिकेटी यांच्या गाजलेल्या अर्थशास्त्राच्या ग्रंथाचा आकडा आला २.४ टक्के. म्हणजे सुमारे सातशे पानांतली सतरा. आपला बर्डीवाला गडी तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोचला होता, त्याची पाठ थोपटायला हवी.

नाकाचा हिशेब

‘कोणतीही गोष्ट २१ दिवस करा, सवय लागते.’ हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवरून आलं नसेल असा माणूस नागपुरात सापडणं कठीण. त्याचं मूळ आहे मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या ‘सायको-सायबरनेटिक्स’ या पुस्तकात. नाकाची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला आरशातला नवा चेहरा आपला वाटायला किमान २१ दिवस लागतात, असं त्यांना दिसलं होतं. पुढे ‘किमान’ गळालं, नाकही गळालं आणि उरलेला आकडा पहाटे उठण्यापासून गोड सोडण्यापर्यंत सगळ्याला चिकटला.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ माणसांवर हे तपासून पाहिलं. सवय अंगवळणी पडायला निम्म्याअधिक लोकांना दोन महिन्यांहून जास्त लागतील असं निघालं. मधला आकडा ६६ दिवस. सगळ्यात चटपटीत माणसाला १८ दिवस पुरले, तर सगळ्यात सावकाश गड्यासाठी अंदाज निघाला २५४ दिवसांचा. एखादा दिवस चुकला तर फारसं काही बिघडत नाही, असंही त्यांना आढळलं. हा दिलासा कुणी फॉरवर्ड करत नाही.

बेचाळीस परीक्षा

‘वेळच मिळत नाही’ असं नागपुरात म्हणालात की घरातलं कुणी वडीलधारं एक नाव हमखास तोंडावर फेकतं: श्रीकांत जिचकार. काटोलकडचा हा माणूस आधी डॉक्टर झाला. एम.डी. झाल्यावर थांबावं की नाही? मग कायदा, व्यवस्थापन, पत्रकारिता, दहा विषयांत एम.ए. आणि संस्कृतात डी.लिट. एकूण पदव्या वीस. मध्येच आयपीएस होऊन ते सोडलं, आयएएस होऊन तेही सोडलं आणि १९८० मध्ये, पंचविशीत, काटोलचे आमदार म्हणून विधानसभेत जाऊन बसले. पुढे मंत्री आणि राज्यसभेचे खासदारही झाले. २००४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले तेव्हा पन्नाशीही गाठली नव्हती.

त्यांच्या संग्रहात ५२ हजारांच्या आसपास पुस्तकं होती. रोज एक वाचून संपवायचं म्हटलं तरी १४२ वर्षं लागतील. तेव्हा घरात न वाचलेली पुस्तकं साचली म्हणून बायको बोलली, तर हा आकडा तयार ठेवा.

पण मला जास्त मजा वाटते ती दुसऱ्याच आकड्याची. नागपूर विद्यापीठात परीक्षांचे हंगाम दोन, उन्हाळी आणि हिवाळी. आजही पोरं तसंच म्हणतात, ‘उन्हाळीत राहिला, आता हिवाळीत काढतो.’ १९७३ ते १९९० या अठरा वर्षांत असे छत्तीस हंगाम झाले. जिचकारांनी दिलेल्या परीक्षा ४२. जवळपास प्रत्येक हंगामात हा माणूस हॉल तिकीट घेऊन बाकावर बसलेला! आणि ज्या हंगामात इतर लोक नापास झालेला पेपर पुन्हा द्यायला येत, त्यात हे नवा विषय घेऊन येत. त्यांच्या बुद्धीबद्दल वाद नाहीच. तरी मला वाटतं, निम्मी करामत त्या वेळापत्रकाची होती. तारीख आपण ठरवली की ती आपणच पुढे ढकलतो. विद्यापीठाने ठरवलेली तारीख हलवायची तर मोर्चा काढावा लागतो.

चार भिंतींची शिस्त

तारीख दुसऱ्याच्या हातात असली की कामं कशी होतात, याचे मराठीतले सगळ्यात भारी दाखले तुरुंगातले आहेत. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेत २ नोव्हेंबर १९१० ला लिहायला घेतलं आणि ३० मार्च १९११ ला संपवलं. पाच महिने, तेही शिसपेन्सिलीने. साने गुरुजींनी ‘श्यामची आई’ नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ या पाच दिवसांत हातावेगळी केली. त्याच्या आदल्या वर्षी ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि तिथे विनोबा गीतेवर बोलत. २१ फेब्रुवारी १९३२ पासून दर रविवारी एक अध्याय, १९ जूनला अठरावा. अठरा रविवार, खाडा एकही नाही. ते सगळं टिपून घेत होते साने गुरुजीच.

मोबाइल नाही, लग्नाची आमंत्रणं नाहीत, दारात पाहुणे नाहीत. एकाग्रतेवरची आजची जाडजूड पुस्तकं एवढंच तर सांगतात. अर्थात, ही शिफारस समजू नये.

सूर्य आपल्या बाजूला

रॉबिन शर्मा यांच्या २०१८ च्या पुस्तकापासून पहाटे पाचला उठणाऱ्यांचा पंथच निघालाय. या पंथात नागपूरकरांना जन्मजात सवलत आहे. मुंबई आणि नागपूर यांच्यात रेखांशाचं अंतर सहा अंशांहून थोडं जास्त. एका अंशाला चार मिनिटं धरली की झाली पंचवीस. घड्याळ मात्र दोन्हीकडे एकच. म्हणजे नागपुरात पाचला जितकं फटफटतं, तितकं मुंबईत व्हायला सव्वापाच उलटून जातात. शिवाय मे महिन्यात इथे पुस्तकाची गरजच काय? नऊनंतर बाहेर पडायची हिंमत कुणात असते?

तरी उठवत नसेल तर अँथनी ट्रोलप यांचा उपाय. हे इंग्रज कादंबरीकार टपाल खात्यात नोकरी करत. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचं, समोर घड्याळ ठेवायचं, दर पंधरा मिनिटांत अडीचशे शब्द काढायचे आणि मग कामावर जायचं. अशा ४७ कादंबऱ्या झाल्या. यातलं गुपित म्हणजे, पहाटे कॉफी आणून उठवणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला ते वर्षाला पाच पौंड जादा देत. ते स्वतःच कबूल करतात की यशाचं श्रेय इतर कुणाहूनही त्याचं जास्त आहे.

खरी भूक कशाची?

‘द पॉवर ऑफ हॅबिट’ (२०१२) लिहिणारे चार्ल्स डुहिग यांनाच एक वाईट सवय होती. रोज दुपारी साडेतीनच्या सुमारास ऑफिसच्या कँटीनमध्ये जाऊन चॉकलेट घातलेलं बिस्किट खायचं. वजन वाढलं, बायकोने टोकलं. मग त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले: एक दिवस बिस्किटाऐवजी सफरचंद, एक दिवस नुसता फेरफटका, एक दिवस मित्राच्या टेबलाशी गप्पा. गप्पा मारल्या त्या दिवशी बिस्किटाची आठवणही झाली नाही. भूक होती ती माणसांची.

आता फुटाळ्याला किंवा अंबाझरीला सकाळी फिरायला येणारे ग्रुप बघा. अर्धा तास हात हलवत झपझप चालणं आणि मग पाऊण तास पोह्याच्या ठेल्यापाशी. प्लेटमध्ये पोहे, वर चण्याची लाल तर्री, कडेने तेलाचा तवंग, मूठभर शेव, चिरलेला कांदा. ‘भाऊ, तर्री अजून मार बे!’ जाळलेल्या कॅलरी तिथेच परत. डुहिग यांचा प्रयोग इथे केला तर काय निघेल, सांगता येत नाही. गप्पांसाठी पोहे की पोह्यांसाठी गप्पा, हा प्रश्न नागपुरात न सुटलेलाच बरा. तर्री बंद केली तर फिरणंही बंद होईल, हे मात्र नक्की.

साडेतीनशे वर्षांपूर्वीचा बेस्टसेलर

या प्रकारातलं आपलं जुनं दणकट पुस्तक म्हणजे ‘दासबोध’: वीस दशक, दोनशे समास. अक्षर कसं काढावं, शाई आणि लेखण्या कशा बाळगाव्यात यावर समर्थांनी एक समास खर्च केलाय. झोपाळूंवर आणखी एक, आणि तो इतका खट्याळ आहे की कीर्तनाला बसून पेंगणाऱ्यांची व्यंगचित्रंच वाटतात. दुसऱ्या दशकाची सुरुवात मूर्खाच्या लक्षणांनी होते आणि शेवट पढतमूर्खाच्या. सगळं वाचलंय, लोकांना सांगतोही झकास, स्वतः मात्र करत नाही, तो पढतमूर्ख. आत्मविकासाच्या पुस्तकांचं आख्खं कपाट बाळगणाऱ्यांनी हा दहावा समास सांभाळून उघडावा.

बेंजामिन फ्रँकलिन तर तक्ताच घेऊन बसले. तेरा सद्गुण, आठवड्याला एक, चुकलं की काळा ठिपका. तेरा आठवड्यांची फेरी, वर्षात चार फेऱ्या, हिशेब बरोबर ५२ चा. त्यांना सगळ्यात जास्त छळलं ते नीटनेटकेपणाने. कागद जागच्या जागी ठेवणं त्यांना म्हातारपणापर्यंत जमलं नाही, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. देश उभा करता येतो, टेबल आवरता येत नाही!

एकट्याने की गावाने?

फ्रँकलिन एकटे बसून ठिपके मारत. विदर्भाची रीत निराळी. तुकडोजी महाराजांची शाळा प्राथमिक वर्गांतच सुटली आणि २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचंच नाव दिलं गेलं. त्यांच्या ‘ग्रामगीते’चे अध्याय ४१. दिनचर्या, स्वच्छता, व्यसनं, श्रम असं सगळं त्यात आहे, पण ते गावाला उद्देशून. प्रार्थनाही सामुदायिक. आपण आलो नाही तर शेजारी विचारणार, ‘काहून गा, काल दिसला नाहीस?’ असा अलार्म कुठल्याही अ‍ॅपमध्ये नाही.

आणि १४ ऑक्टोबर १९५६ चं नागपूर. दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंच्या समुदायाला २२ प्रतिज्ञा दिल्या. त्याला सवयींचा कार्यक्रम म्हणणं फारच तोकडं होईल, पण चोरी करणार नाही, खोटं बोलणार नाही, दारू पिणार नाही या प्रतिज्ञा रोजच्या जगण्याच्याच आहेत, आणि त्या घेतल्या गेल्या एकमेकांच्या साक्षीने, मोठ्याने. आजही तिथे दसऱ्याला पुस्तकांच्या स्टॉलवर जी रेटारेटी असते, ती बघून कुठल्याही प्रकाशकाला हेवा वाटावा.

जाता जाता, घड्याळाचं. नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवरच्या सेवाग्रामात गांधीजी १९३६ पासून राहिले. पहाटे चारला उठणं, सोमवारी मौन आणि कमरेला लटकवलेलं खिशातलं घड्याळ. त्यांचं झेनिथ कंपनीचं असंच एक घड्याळ मार्च २००९ मध्ये न्यू यॉर्कला लिलावात निघालं, सोबत चष्मा, चपला, वाटी आणि ताट. सगळा संच १८ लाख डॉलरला गेला. आयुष्यभर दारूबंदीसाठी झटलेल्या माणसाचं ते घड्याळ विकत घेतलं विजय मल्ल्यांनी.