बोटावरचा थेंब

ग्लुकोमीटरची पट्टी दिसावयास साधी. परंतु जीवशास्त्र आणि अभियांत्रिकी यांची भेट तिच्या टोकाशी होते. अनेक पट्ट्यांवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे बुरशीपासून मिळवलेले विकर असते. रक्तातील साखरेशी त्याची प्रक्रिया होताच इलेक्ट्रॉन सुटतात. त्यांचा सूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजून यंत्र आकडा दाखवते. विकराला इलेक्ट्रोडची जोड देण्याची कल्पना लेलंड क्लार्क यांनी १९६२ मध्ये मांडली.

विकर साखर अचूक ओळखते. मात्र ती रक्तातली की बोटाला लागलेली, हे त्याला कळत नाही. आंबा चिरलेल्या हाताने तपासणी केल्यास आकडा भलताच फुगतो. आमरसाच्या दिवसांत असे आकडे घेऊन घाबरलेले नातेवाईक दवाखान्यात येतातच. त्या आकड्यावर विसंबून इन्सुलिन वाढवले, तर साखर ७०च्या खाली घसरून वृद्धाला घाम, गोंधळ, प्रसंगी बेशुद्धीही येऊ शकते. स्पिरिटचा बोळा येथे पुरेसा नाही. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करावेत.

पट्ट्यांची डबी लगेच घट्ट मिटावी. पावसाळी दमट हवा विकराला मानवत नाही. अनपेक्षित मोठा आकडा आल्यास हात धुऊन नव्या पट्टीवर पुन्हा तपासावे, आणि इन्सुलिनच्या मात्रेबद्दल मग डॉक्टरांना विचारावे.