पेशवेकालीन पुण्यांतील रोजमुरा व पेठेचा व्यापार : हिशेबी बंदांच्या वाचनासंबंधीं

मराठी कागदांच्या संग्राहकांत सनद, महजर व राजकारणाचीं पत्रें यांस अग्रपूजेचा मान आहे. शिक्कामोर्तबाचा कागद तेवढा फडक्यांत बांधून ठेवावयाचा, आणि त्याच दप्तरांतले हिशेबाचे बंद, हजिऱ्या व जकातीच्या यादी निरुपयोगी म्हणून बाजूस टाकावयाच्या, ही रीत आम्हीं अनेक घरीं पाहिली आहे. गेल्या वर्षीं एका जुन्या वाड्यांतून रद्दीच्या भावानें निघालेलें गाठोडें आमच्याकडे आलें. त्यांत शिक्क्याचा एकही कागद नव्हता. विकणारांनीं ते आधींच काढून घेतले होते. उरले होते ते गवंडी, सुतार, बेलदार व बिगारी यांच्या रोजमुऱ्याचे आणि पेठेंतील मालाच्या जकातीचे बंद. पेशवाईंत पुण्याच्या सामान्य मनुष्यास काम कोणतें मिळे, दाम किती पडे आणि बाजार कसा चाले, हें सांगणारा पुरावा अशाच कागदांत असतो. मात्र त्यांचें वाचन दिसतें तितकें सरळ नाहीं, आणि अर्धवट वाचनानें जी चूक होते ती कागद न वाचण्यापेक्षां अधिक घातक होय.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत पुण्याचा सर्वांत मोठा धनी म्हणजे सरकार. हुजुरातीची फौज, पागा, कोठ्या, कारखाने, दप्तर आणि सरदारांचे वाडे यांच्या खर्चावर शहर पोसलें जाई. सावकार आणि सराफ फौजेच्या व वसुलाच्या निमित्तानें जमत, तांबट व सोनार वाड्यांच्या निमित्तानें. सदाशिव, नारायण, नाना, रास्ता अशा नव्या पेठा वसल्या त्या या ओघांतच. नवी पेठ वसवितांना व्यापाऱ्यांस कौल दिला जाई व ठराविक वर्षें सरकारचा कर माफ असे. बाजाराची व्यवस्था शेटे व महाजन या वतनदारांकडे राही. येथें पहिला खड्डा आहे. मोहतर्फ्याच्या, म्हणजे उदम्यांवरील कराच्या, ताळेबंदांत एखाद्या पेठेचा आंकडा शून्य किंवा अल्प दिसला म्हणजे तेथें उदीमच नव्हता असें अनुमान काढतात. कौलाची मुदत चालू असेल तर भरल्या बाजाराचा वसूलही शून्यच दिसावयाचा. म्हणून ताळेबंद हातीं आला तर त्याच पेठेचा कौलनामा शोधल्याशिवाय मत देऊं नये.

आतां पगाराविषयीं. वेतन ठरविलें जाई महिन्याचें, पण वर्षाचा आकार करितांना पुष्कळ ठिकाणीं वर्ष दहा किंवा अकरा महिन्यांचेंच धरीत. दरमहा ५ रुपयांचा आसामी उदाहरणादाखल घेऊं. वर्ष दहा महिन्यांचें असेल तर त्याच्या नांवें ५० रुपये पडतील, ६० नव्हे. आणि महिन्याची वास्तविक प्राप्ति ४ रुपये २ आणे ८ पई एवढीच भरेल. आम्हीं स्वतः पूर्वीं एका व्याख्यानांत महिन्याच्या दराची बाराशीं गुणणी करून पेशवाईंतील कारकुनाची सुस्थिति सिद्ध केली होती. श्रोत्यांस तें गोड वाटलें, आम्हांसही वाटलें. ज्या यादीवरून तें केलें तिच्या शेवटच्या ओळींत महिन्यांची संख्या स्पष्ट होती. बंदाची घडी तेथेंच पडल्यानें अक्षर पुसट झालें होतें व आम्हीं तें सोडून दिलें होतें. तें विधान येथें मागें घेतों.

दुसऱ्या बाजूनें, रोखीखेरीज शिधा व कापड मिळत असेल तर तें निराळ्या सदरांत लिहिलेलें असतें, आणि तो बंद हरवला असेल तर नोकर उपाशी होता असें वाटूं लागतें. रुपयाचेंही तसेंच. अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही असे अनेक रुपये चालत, त्यांची किंमत सारखी नसे आणि अदलाबदलींत बट्टा पडे. कोणत्या नाण्याचा रुपया हें नमूद नसेल तर दोन गांवांच्या मजुरीची तुलना करणें व्यर्थ होय. धान्याच्या भावांत कैली व वजनी हा भेद पाहावा. पुण्याकडे चार शेरांची पायली, बारा पायलींचा मण व वीस मणांची खंडी हें कैली माप. वजनी मण चाळीस शेरांचा. आज बाजारांत मण हा शब्दच उरला नाहीं, तेव्हां नव्या वाचकाचा घोटाळा होणें साहजिक आहे.

परंतु सर्वांत कठीण प्रकरण तारखेचें. हिशेबी बंदांत शक व तिथि क्वचित् असते. असतो तो सुहूर सन अरबी संख्यावाचकांनीं, आणि मुसलमानी महिन्याचा चंद्र ‘छ’ या खुणेनें. सलास सितैन मया व अलफ म्हणजे ११६३. सुहूर वर्ष मृगाच्या आरंभीं, जूनच्या पहिल्या आठवड्यांत, बदलतें. म्हणून जून ते डिसेंबरपर्यंत ५९९ व पुढें ६०० मिळवावे, म्हणजे इसवी सन येतो. येथवर कोणीही जाईल. पण सुहूर वर्ष सौर आणि त्यांतले महिने चांद्र. चांद्र वर्ष सुमारें अकरा दिवसांनीं लहान असल्यामुळें एकाच सुहूर वर्षांत एका महिन्याचे कांहीं दिवस आरंभीं येतात आणि तेच पुन्हा अखेरीस येतात. गाठोड्यांतील गवंड्यांच्या एका यादीवर छ १५ जिल्काद, सलास सितैन, एवढेंच आहे. गणितानें याच्या दोन तारखा निघतात : एक ७ जून १७६२ च्या सुमाराची, दुसरी २८ मे १७६३ च्या सुमाराची. हा भेद केवळ गणिताचा नव्हे. १७६३ च्या उन्हाळ्यांत निजामअलीच्या फौजेनें पुणें लुटून जाळलें. पहिली तारीख धरली तर ही यादी नित्याच्या बांधकामाची. दुसरी धरली तर जळिताच्या पाठीवर कामास लागलेल्या माणसांची, आणि मग तींतले दर टंचाईचे कीं स्वस्ताईचे हा प्रश्न निराळाच होतो. वार दिलेला असता तर प्रश्न मिटला असता, कारण पहिल्या तारखेस सोमवार येतो व दुसरीस शनिवार. चंद्रदर्शनानें एक दिवस मागेंपुढें झाला तरी बहुधा गल्लत होत नाहीं. वार नाहीं. अशा वेळीं उपयोग होतो तो शेजारच्या बंदाचा, आणि तो क्रम गाठोडें सोडणारानें मोडलेला आहे.

जकातीच्या कागदांविषयीं थोडक्यांत सांगतों. माल भरतेवेळीं थळभरीत, उतरून विकतेवेळीं थळमोड आणि वाटेनें जातांना उभा मार्ग असे आकार निरनिराळ्या ठिकाणीं पडत. तेव्हां एकाच बैलाच्या ओझ्याचा उल्लेख तीन यादींत सांपडेल. तिन्ही बेरजेस धरणारा व्यापार तिप्पट करून ठेवील. वाटेवरील नाक्यांचा हा जाच टाळण्यासाठीं हुंडेकरी एकवट रक्कम घेऊन माल पोंचविण्याचा पत्कर घेत. त्यांच्या वह्या हातीं येतील तर पुण्याच्या व्यापाराचें चित्र सरकारी यादींपेक्षां अधिक खरें मिळेल, असें आमचें मत आहे.

रोजमुऱ्याच्या यादींत नसलेली माणसेंही विसरूं नयेत. वेठबेगारीनें आलेल्या गांवकऱ्यास दाम नव्हता, म्हणून हिशेबांत त्याचें नांव पडण्याचें कारण नव्हतें. कोठ्यांत व पागेंत राबणाऱ्या कुणबिणी विकतच्या असत. त्यांच्या नांवें अन्नवस्त्राचा खर्च येतो, वेतन येत नाहीं. खेड्यांतील बलुतेदार पिकाच्या वांट्यावर काम करी, त्याची प्राप्ति रुपयांत कोठेंच उतरत नाहीं. काम पुष्कळांना होतें, हें म्हणणें खरें. तें सर्व रोजगार होतें असें म्हणतां येत नाहीं.

१७ नोव्हेंबर १८१७ रोजीं शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें आणि वर सांगितलेला मोठा धनी नाहींसा झाला. शिलेदार, कारकून, कारागीर यांचें काय झालें याचीं उत्तरें पुष्कळ अंशीं त्या पुढच्या दहावीस वर्षांच्या खाजगी वह्यांत असावीं. सरकारी रुमालांत पेशवाईचा रोजकीर्द आहे, घडणी आहे, परंतु निकामी झालेल्या मनुष्याचा हिशेब सरकार ठेवीत नाहीं.

ज्यांच्याकडे असे बंद असतील त्यांना आमची विनंति इतकीच कीं, गाठोडें सोडण्यापूर्वीं वरून खालीं क्रम लिहून घ्यावा, प्रत्येक बंदाच्या पाठीवर हलक्या शिसपेनीनें अंक घालावा, आणि घडीवरचें अक्षर वाचल्याशिवाय बेरीज उतरूं नये. वर दिलेल्या गवंड्यांच्या यादीचा जोडबंद कोणाकडे असल्यास, आरंभीं फाटलेला व डाव्या कडेस पाण्याचा डाग असलेला, त्यांनीं आम्हांस कळवावें. आमच्या बंदावरचा डाग त्याशीं जुळवून पाहतां येईल.